तांडा घाटात थांबला तेव्हा

कोकणातून वर चढणारा लमाणांचा एक तांडा घाटात उभा आहे. चाळीस बैल, त्यांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या, आणि आभाळ असे भरून आलेले की आता कोसळेल की मग कोसळेल. पाऊस आला तर मीठ विरघळणार आणि वर्षाची कमाई दगडाधोंड्यांवरून दरीत वाहून जाणार. पुढे वाट फुटली आहे. एक डावीकडे जाते, एक उजवीकडे. तांड्याचा नाईक, वैद्यीण, शाहीर, हिशेबनीस, सारे वाटाड्याच्या तोंडाकडे बघत आहेत. आणि वाटाड्या बोलतच नाही!

किती वेळ बोलत नाही म्हणाल? घटकाभर नव्हे, दिवसभर नव्हे. चांगले एकोणीस दिवस!

वाचकहो, काळजी करू नका. बैल उपाशी मेले नाहीत आणि मीठही विरघळले नाही. कारण हा तांडा चोर्ल्याच्या घाटात नव्हता की आंबोलीच्या घाटात नव्हता. तो आम्हा सहा जणांच्या मोबाईलमध्ये होता. ज्या यंत्रापायी आमचा अभ्यास बुडतो असे घरोघरी ऐकू येते, त्याच यंत्रात आमचा तांडा बुडायची वेळ आली होती. तो कसा बुडाला नाही, आणि बुडता बुडता मला काय समजले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी हा खेळ काय आहे ते सांगते. लहानपणी आपण सगळेच भातुकली खेळलो. ‘तू आई, मी बाबा’ म्हणत चिंचेच्या पाल्याची भाजी आपण किती पंगतींना वाढली असेल! हा खेळ त्या भातुकलीची थोरली बहीण. प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची आणि एकाने सूत्रधार व्हायचे. सूत्रधाराने प्रसंग उभा करायचा: नदीला पूर आला आहे, होडी एकच आहे, आणि नावाड्याला ताप भरला आहे. मग ज्याने त्याने आपल्या भूमिकेत शिरून सांगायचे की मी काय करतो आणि काय बोलतो. साधेल की फसेल अशी शंका आली तर फासा टाकायचा. ह्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची, बस्स.

ह्या खेळाला आजचे रूप मिळाले ते अमेरिकेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ तिथे प्रसिद्ध झाला. पुढे चारच वर्षांनी, १९७८ साली, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने संगणकावर ‘मड’ नावाचे एक जग उभारले, आणि रिचर्ड बार्टल ह्या त्याच्या सोबत्याने ते वाढवले. नाव ‘मड’ असले तरी त्यात चिखल नव्हता. ती तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होती. त्या जगात चित्र एकही नव्हते. ‘तू अरुंद वाटेवर उभा आहेस’ अशा अर्थाची वाक्ये पडद्यावर उमटायची आणि खेळणाऱ्याने अक्षरांतच उत्तर द्यायचे. म्हणजे कुणा दोन-चार तरुणांच्या डोक्यातून निघालेला हा उद्योग. आमच्यासारख्यांनाच तो आवडावा ह्यात नवल ते काय?

आमचा तांडा निघाला तो कॉलेजच्या कँटीनमधून. खरी नावे सांगत नाही. खेळातली नावेच आता आम्हांला जास्त शोभतात. नाईक निपाणीचा, आवाजाने तिथल्या तंबाखूसारखा कडक. वैद्यीण खानापूरची. शाहीर शहापूरचा, घरात मराठी, शाळा कन्नड, त्यामुळे दोन्ही घरचा पाहुणा. हिशेबनीस गोकाकची, आणि वाटाड्या थेट शिरसीचा. सूत्रधार मी. गोव्याकडचे मीठ घाटावर आणणारे लमाणांचे तांडे एके काळी ह्या वाटांनी जात असत, एवढे मी आजोबांकडून ऐकले होते. तेवढ्या भांडवलावर मी माझे चाळीस बैल हाकले.

कँटीनच्या टेबलावर भाषेचा प्रश्न आम्हांला कधी पडलाच नाही. नाईक मराठीत गरजायचा, हिशेबनीस कन्नडमध्ये कुरकुर करायची, मध्ये कुणी इंग्रजीचे ठिगळ लावायचे, आणि उरलेले काम हातवाऱ्यांनी व्हायचे. वाटाड्याला मराठी समजते, बोलताना मात्र तो अडखळतो. पण टेबलावर अडखळणारा माणूस दिसतो. तो तोंड उघडतो आहे हे बघून दुसरे थांबतात. चहाचा कप पुढे सरकवून कुणीतरी म्हणते, “सांग, सांग.”

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, जो तो आपापल्या गावी गेला, आणि तांडा मोबाईलवर चढला. जगभर असे खेळ डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी चालतात असे ऐकून होतो. पण सगळ्यांच्या घरी, सगळ्यांच्या हातात होते ते व्हॉट्सॲपच. आम्ही दोन गट केले. एकात फक्त खेळ. दुसऱ्याचे नाव ‘कट्टा’, तिथे बाकीच्या गप्पा. ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्याने लिहावे, असे ठरले. पहिले आठ दिवस असे गेले की विचारू नका! सकाळी उठून बघावे तो रात्रीत तांडा दोन कोस पुढे सरकलेला असायचा.

नवव्या दिवशी चोर आले आणि पहिली गोची झाली. टेबलावरचा आमचा नियम असा होता की झटापटीत एकाने बोलायचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. तोच नियम मी मोबाईलवर आणला. आता हिशेब करा. खेळणारे पाच. प्रत्येकाने आधीच्याची वाट बघून दिवसातून एकदा लिहिले तर एक फेरी पुरी व्हायला पाच दिवस लागतात. चार फेऱ्यांची झटापट म्हणजे वीस दिवस! टेबलावर अर्ध्या तासात संपणारे भांडण जूनच्या पावसापर्यंत लांबणार, हे हिशेबनीसबाईंनी आकडे मांडून दाखवले. सातव्या दिवशी काठी उगारलेला नाईक तसाच हात वर करून उभा होता. शेवटी मला त्याची दया आली आणि मी चोरांनाच पळवून लावले.

पण ही झाली नियमांची गोची. ती सुटण्यासारखी होती. खरी अडचण पुढे त्या फाट्यावर आली. तिथे चोर नव्हते, फासा नव्हता, पाळी नव्हती. होता फक्त माझा एक प्रश्न: “आता तुम्ही काय करणार?”

पहिल्या दिवशी नाईकाने लिहिले, “वाटाड्या सांगेल तसे.” शाहिराने दहा ओळींत काळ्या ढगांचे वर्णन केले आणि शेवटी लिहिले, “वाटाड्या येऊ दे.” वैद्यीण म्हणाली, “थांबू या.” आणि सगळे थांबले.

मी सूत्रधार. मला वाटले, खेळात रंग कमी पडला. संकटांचा माझ्याकडे तुटवडा नव्हताच. चौथ्या दिवशी मी दरड कोसळवली. सहाव्या दिवशी वाघाची डरकाळी ऐकवली. आठव्या दिवशी दोन बैलांना ताप आणला. प्रत्येक वेळी माझ्या मजकुराखाली वर केलेले अंगठे उमटायचे. “वा!” “भारी!” “काय लिहिलेस!” आणि पुन्हा सामसूम. मी जितके जास्त लिहीत गेले तितके ते कमी बोलत गेले. अकराव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की आठवडाभर मी एकटीच खेळते आहे आणि बाकीचे बघताहेत. नाटक सुरू आणि नटच प्रेक्षकांत जाऊन बसलेले!

पुढची गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. बाराव्या दिवशी कट्ट्यावर चर्चा निघाली की वाटाड्याचे काय झाले. कुणी म्हणाले विसरला असेल. कुणी म्हणाले त्याला रसच नाही. आणि एकाने लिहिले, “जाऊ दे. शेवटी तो आपल्यातला नाहीच.”

हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात विष नव्हते, हे मला ठाऊक आहे. सुट्टीतल्या दुपारचा कंटाळा होता, बोट चालले आणि लिहून गेला. पण आपण ज्या गावात राहतो तिथे असे वाक्य कधीच नुसते वाक्य नसते. आणि वाटाड्या त्या गटात होता. त्या वाक्यासमोर दोन बारीक खुणा उमटल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या निळ्या झाल्या. गटातल्या एकूणएक माणसाने वाचल्याखेरीज त्या निळ्या होत नाहीत. सगळ्यांनी वाचले होते. मीही वाचले होते. सूत्रधार म्हणून, मैत्रीण म्हणून, दोन शब्द बोलणे माझे काम होते. मी बोलले नाही. वाद नको म्हणून गप्प बसले. आमच्या खेळातले खरे मौन वाटाड्याचे नव्हते, माझे होते.

त्याऐवजी मी काय केले? अभ्यासू मुलीसारखी वाचायला बसले! अडचण माणसांत असली की पुस्तकांत शिरणे सोपे जाते. पण वाचलेले अगदीच वाया गेले नाही. ‘डिप्लोमसी’ नावाचा एक युद्धाचा खेळ आहे. ॲलन कॅलहॅमर ह्या अमेरिकन माणसाने रचलेला तो खेळ १९५९ साली बाजारात आला, आणि १९६३ पासून लोक तो टपालाने खेळू लागले. सात खेळाडू सात गावांत, आणि प्रत्येकाने आपल्या फौजांचे हुकूम ठरल्या तारखेच्या आत पत्राने कळवायचे. मग कुणाचे पत्र आलेच नाही तर? खेळ थांबत नाही. त्याच्या फौजा आहेत तिथे उभ्या राहतात, आणि बाकीच्यांचे डाव पुढे चालतात. पुढच्या तारखेला पत्र आले की त्या फौजा पुन्हा हलतात. मला हे फार आवडले. न आलेल्याला शिक्षा नाही, आणि आलेल्यांचा खोळंबाही नाही.

बार्टलसाहेबांचा १९९६ चा एक लेखही सापडला. ‘मड’मध्ये येणाऱ्या खेळाडूंच्या त्यांनी चार जाती सांगितल्या आहेत. काहींना काहीतरी मिळवायचे असते. काहींना जग धुंडाळायचे असते. काहींना माणसांशी बोलायचे असते. आणि काहींना दुसऱ्यावर कुरघोडी करायची असते. मी आमच्या तांड्याकडे ह्या नजरेने पाहिले. नाईकाला विजय हवा होता, शाहिराला श्रोते हवे होते, हिशेबनीसबाईला नफा हवा होता. आणि वाटाड्याला? त्याला जग धुंडाळायचे होते, म्हणून तर त्याने वाटाड्याची भूमिका मागून घेतली होती. मग धुंडाळायला मी त्याच्यासाठी काय शिल्लक ठेवले होते? इथे मला पहिल्यांदा थोडे टोचले. पण उत्तर काही लेखात नव्हते. एकोणिसाव्या दिवशी मी धीर करून फोन लावला.

“रागावलास का?”

“राग कसला?” तो हसला. “सुपारीच्या बागेत फवारणी चालू आहे. पावसाच्या आत बोर्डोचा पहिला हात मारायला पाहिजे. दिवसभर बागेतच असतो.”

मला हायसे वाटले. म्हणजे कामच होते तर! पण मग तो थोडा थांबला आणि अर्धे कन्नड, अर्धे मराठी असे बोलू लागला. त्याचे बोलणे मी माझ्या मराठीत देते.

“काम आहे हे खरे. पण रात्री वेळ असतो. तुमचा एकेक मजकूर वाचायला मला दहा मिनिटे लागतात. उत्तर जुळवतो, तोवर वरून आणखी चार आलेले असतात. माझे उत्तर शिळे होते. मग मी ते पुसून टाकतो.”

“आम्हांला सांगायचेस ना!”

“सांगणार काय? आणि दुसरे असे की वाट तूच सांगतेस. डावीकडे कडा, उजवीकडे ओढा, ओढ्यापलीकडे जांभळी. दरड कुठे कोसळली, वाघ कुठे ओरडला, सगळे तूच सांगितलेस. मग मी काय सांगू? डावीकडे की उजवीकडे, एवढेच? ते तर नाणे उडवूनही ठरेल. आमच्या घरामागे घाट आहे. मी घाटात वाढलेला माणूस. पण मला कुणी विचारलेच नाही.”

मी गप्प. मग तोच म्हणाला, “ते कट्ट्यावरचे वाक्यही वाचले. ते सोड आता.”

सोड म्हटले तरी सुटत नाही अशी काही वाक्ये असतात. मी क्षमा मागितली. ती त्या वाक्याबद्दल नव्हे, माझ्या गप्प बसण्याबद्दल. तो “हौदु, हौदु” म्हणाला आणि विषय बदलावा म्हणून आपल्या मामाबद्दल बोलू लागला. हे बोलणे म्हणजे त्याने मला दिलेली देणगीच आहे.

त्याचा मामा ताळमद्दळेतला अर्थधारी आहे. ताळमद्दळे हे यक्षगानाचे बैठे रूप. वेष नाही, मुकुट नाही, नाच नाही. कलावंत समोरासमोर बसतात. भागवत पद म्हणतो, मद्दळे वाजते, आणि अर्थधारी त्या पदाचा अर्थ आपल्या भूमिकेत शिरून बोलतो. शब्द पाठ केलेले नसतात, आयत्या वेळी सुचतील ते. पावसाळ्यात बाहेरचे खेळ बंद असले की ह्या बैठकी रंगतात. बाण लागून पडलेला वाली रामाला जाब विचारतो, राम उत्तर देतो, आणि त्या वादाला तासन् तास कमी पडतात. मी ऐकतच राहिले. नुसत्या शब्दांनी भूमिका जगणे, तेही आयत्या वेळच्या शब्दांनी! इंग्लंड-अमेरिकेत शोधत होते ते आमच्या शिरसीच्या मित्राच्या माजघरात पिढ्यान् पिढ्या चालू होते. आणि माझे स्वतःचे आजोळ सावंतवाडीकडचे. तिथल्या देवळांपुढचे दशावतारी नटही लिहिलेल्या संहितेवाचूनच रात्र जागवतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण पाहिले म्हणून कळले असे थोडेच असते?

“मामा म्हणतो,” वाटाड्या सांगत होता, “वाईट अर्थधारी छान बोलतो आणि समोरच्याचे तोंड बंद करतो. चांगला अर्थधारी छान बोलतो आणि समोरच्याला बोलायला जागा ठेवून थांबतो. रामाने असे बोलावे की वालीला पुढचा प्रश्न सुचला पाहिजे. आणि दोघे अडले, किंवा बोलणे फार लांबले, तर भागवत पुढचे पद उचलतो. भागवताने अर्थ सांगायचा नसतो.”

भागवताने अर्थ सांगायचा नसतो! आणि मी पंधरा दिवस काय करत होते?

त्या रात्री मी माझे सगळे मजकूर पहिल्यापासून वाचून काढले. एक गोष्ट लख्ख दिसली. मी दर वेळी विचारत होते, “आता तुम्ही काय करणार?” हा प्रश्न सगळ्यांना होता, म्हणून तो कुणालाच नव्हता. आमच्या वर्गातही तास संपताना सर विचारतात, “कुणाला काही शंका?” आणि अख्खा वर्ग छताकडे बघतो. शंका नसते म्हणून नव्हे. ‘कुणाला’ म्हणजे मला नव्हे, असे प्रत्येकाला वाटते म्हणून. तेच सरांनी एखाद्याकडे वळून विचारले, “तुझ्या गावी विहिरीला पाणी कधी आटते?” की तो बोलतो, आणि त्याच्यामागून चौघे बोलतात.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी सगळे मांडले. ते वाक्य ज्याने लिहिले होते त्याने तिथे काही लिहिले नाही. त्याने वाटाड्याला स्वतंत्रपणे फोन केला. दोघांत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही सहाही जणांनी मिळून खेळाची घडी नव्याने बसवली. कुणाला असा खेळ खेळायची हौस असेल तर उपयोगी पडेल, म्हणून ती इथे सांगते.

पहिले ठरले ते मामांचे. ज्याने त्याने आपला मजकूर संपवताना दुसऱ्या कुणासाठी काहीतरी ठेवून थांबायचे. एखादा प्रश्न, एखादी वस्तू, अर्धवट उघडे दार. ‘मी शेकोटीजवळ बसलो’ एवढ्यावर थांबले की पुढच्याला हात घालायला काही उरत नाही. ‘मी शेकोटीजवळ बसलो आणि हिशेबनीसबाईंच्या वहीतले एक पान फाटलेले दिसले’ म्हटले की बाईंना बोलावेच लागते. दुसरे माझ्यासाठी: ज्याचा जो विषय, त्यात सूत्रधाराने तोंड घालायचे नाही. वाट कशी आहे हे वाटाड्याला विचारायचे, मुळी कुठली उगाळायची हे वैद्यीणीला. तिसरे टपालाच्या खेळातून उचललेले: दोन दिवसांत ज्याचे उत्तर येणार नाही त्याची भूमिका आहे तिथे उभी राहील आणि तांडा पुढे जाईल. बैलांना सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत. जो पहिला पाऊल टाकेल त्याच्यामागून सगळे. चौथे झटापटीचे: पाळी नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी आपला बेत सांगायचा, ‘चोर पळाले तर अमुक, अंगावर आले तर तमुक’ असा, आणि फासे टाकून निकाल मी एकदम द्यायचा. म्हणजे जिथे वीस दिवस लागत होते तिथे चार-पाच पुरतात. पाचवे, मजकूर आठ ओळींच्या वर न्यायचा नाही. हा नियम शाहिराच्या जिव्हारी लागला, पण त्याने तो पाळला. सहावे, दर रविवारी आठवड्याची हकीकत पाच वाक्यांत लिहायची, म्हणजे मागे राहिलेल्याला चारशे मजकूर उपसावे लागणार नाहीत. आणि सातवे, ‘मला चार दिवस जमणार नाही’ असे सांगणे हा गुन्हा नव्हे. खेळ मारतो तो गैरहजर माणूस नव्हे. गैरहजर का, हे न सांगणारा आणि न विचारणारा, हे दोघे मिळून मारतात.

भाषेचा नियम मात्र कुणी मांडलाच नाही. शाहीर म्हणाला, “लमाणांच्या तांड्यात दुभाषी नव्हता असे कधी झाले असेल का? आजपासून मी दुभाषी.” वाटाड्याने कन्नडमध्ये लिहावे आणि शाहिराने खेळातच, आपल्या भूमिकेत राहून, ते मराठीत सांगावे, आमचे बोलणे तसेच उलट. त्याला आठ ओळींच्या वर लिहायला ही एक पळवाट मिळाली, हे त्याने नंतर कबूल केले!

मग मी फाट्यावरचा प्रसंग पुसून नव्याने लिहिला. ओढा, कडा, जांभळी, सगळे काढून टाकले. एकच वाक्य ठेवले: “वाटाड्या पुढे जाऊन परत आला. त्याने काय पाहिले?”

रात्री साडेदहाला उत्तर आले. “इल्लि दारि इल्ल. आदरे ननगे इन्नोंदु दारि गोत्तु.” इथे वाट नाही, पण मला आणखी एक वाट ठाऊक आहे. आणि मग ह्या मुखदुर्बळ मुलाने आम्हांला असा घाट दाखवला की आम्ही थक्क झालो. मुंग्या अंडी घेऊन वर चढताहेत, म्हणजे पाऊस उद्याच येणार. ओढ्याचे पात्र आज कोरडे आहे, तीच आजची वाट. उद्या ती नसेल. बैलांचे पाय तपासा, ओल सुरू झाली की जळवा लागतील. गोण्यांवर पळसाची पाने बांधा. आणि शेवटी, मामांचा भाचा शोभेल असा त्याने नाईकापुढे प्रश्न टाकला: पात्रातून सगळे बैल निघणार नाहीत, दोन आजारी आहेत, त्यांचे काय करायचे ते तू सांग.

नाईकाने उत्तर द्यायला अर्धा तासही घेतला नाही. त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत चढत होतो.

पुढची सगळी कथा सांगत नाही. एक आठवण मात्र सांगते. दोन आठवड्यांनी वैद्यीणीच्या घरी आजी आजारी पडली आणि तिने कळवले की मला आता खेळता येणार नाही. पूर्वी आम्ही तिची वाट बघत पुन्हा महिनाभर खोळंबलो असतो, आणि तिलाही अपराधी वाटत राहिले असते. आता आम्ही तिला निरोप दिला. वाटेतल्या एका वाडीत एक बाई अडली होती. वैद्यीण तिच्यासाठी मागे राहिली. शाहिराने दोन्ही भाषांत तिच्यावर चार ओळी रचल्या. आजी बरी झाल्यावर तिने ते सगळे वाचले आणि लिहिले, “बाळंतीण सुखरूप आहे. मुलगी झाली. तुम्ही पुढे जा.” ह्या एका ओळीसाठीसुद्धा हा खेळ खेळायला हवा होता, असे मला वाटते.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तांडा बेळगावच्या पेठेत पोहोचला. हिशेबनीसबाईंनी हिशेब मांडला: चाळीस बैलांपैकी अडतीस आले, गोण्या काही भिजल्या, नफा बेताचाच. आम्ही मुद्दाम शेवट केला. असे खेळ बहुधा संपत नाहीत, विरून जातात. संपवता येईल एवढीच लांब गोष्ट घ्यावी आणि ती संपवावी, म्हणजे दुसरी सुरू करायला हुरूप राहतो.

आता कँटीनमध्ये बसलो की नाईक आणि वाटाड्या एकाच बशीतला कुंदा खातात आणि पुढच्या खेळाचे बेत करतात. वाटाड्याचे मराठी पूर्वीइतकेच अडखळते. सुधारली आहे ती आमची थांबायची सवय. कुणी गप्प झाले की पूर्वी मी तर्क करत बसत असे: रागावला असेल, कंटाळला असेल, आपल्यातला नसेल. आता मी आधी बघते की त्याच्या हाती आपण काही ठेवले होते का. बहुतेक वेळा ठेवलेले नसते.

जाता जाता एक गुपित. हा अंक उलटा करून दुसऱ्या बाजूने उघडलात तर कन्नड विभाग लागेल. त्यात आमच्या वाटाड्याने ताळमद्दळेवर आणि आपल्या मामांवर लिहिले आहे असे समजते. मी अजून ते वाचलेले नाही. माझे कन्नड दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरते. एकेक पान वाचायला मला दहा मिनिटे लागतील, कदाचित वीसही. लागोत. तो थांबेल.